छोटी घ्यावी की मोठी? जीएसटी उतरल्यानंतर सीमाभागातल्या गाडीचा हिशेब

बेळगाव : केंद्राने छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरवला तो २२ सप्टेंबर २०२५ ला, नेमका घटस्थापनेच्या दिवशी. मुहूर्त आणि सवलत एकदमच आली. त्याआधी वर्षभर 'घ्यायची की थांबायचं' असा प्रश्न असलेल्या घरांत आता 'छोटी घ्यायची की मोठी' एवढाच प्रश्न उरला आहे. आणि शोरूममध्ये गेलं की त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "काका, अजून थोडंसंच वर गेलात की मोठी गाडी येते बघा."

हे 'थोडंसं' किती, ते मात्र तुम्ही कुठल्या राज्यात राहता त्यावर ठरतं. कोल्हापुरात ते एक असतं, बेळगावात दुसरं. शोरूममधली किंमत दोन्हीकडे जवळपास तीच. फरक पडतो तो त्यानंतरच्या ओळींत, म्हणजे वाहन कर, उपकर, विमा आणि शेवटी नंबरची पाटी. सीमाभागात गाडी घेणाऱ्याला या ओळी आधी वाचाव्या लागतात.

चार मीटर आणि बाराशे सीसी

आपल्याकडे 'छोटी गाडी' म्हणजे काय, हे गाडी बनवणाऱ्यांनी नाही, अर्थ खात्याने ठरवलं. २००६ च्या अर्थसंकल्पात लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंत असेल तर अबकारी कर २४ वरून १६ टक्के केला गेला. तेव्हापासून कंपन्या पट्टी घेऊन गाड्या बनवू लागल्या. इंडिगोची डिकी कापून सीएस आली ती २००८ मध्ये, याच नियमासाठी. आजही रस्त्यावर बघा, डिझायर, अमेझ, आय ट्वेंटी, नेक्सॉन, ब्रेझा, फ्रॉन्क्स, सगळ्यांची लांबी ३९९५ मिलिमीटर किंवा त्याच्या आगेमागे. पाच मिलिमीटर सरकारसाठी सोडलेले.

जीएसटीने हीच व्याख्या पुढे चालवली. या मापातल्या पेट्रोल गाडीला आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता, डिझेलला ३ टक्के उपकर. आता दोन्हींना सरळ १८ टक्के. मापाबाहेरच्या गाडीला आधी ४५ ते ५० टक्के पडत होते, आता ४० टक्के आणि उपकर नाही.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षातला पोरगाही सांगेल की २९ चे १८ झाले म्हणून गाडी ११ टक्क्यांनी स्वस्त होत नाही. शंभराचा माल १२९ ला मिळत होता, तो ११८ ला मिळू लागला. म्हणजे साडेआठ टक्के. छोट्या डिझेलला १३१ चे ११८, म्हणजे दहा टक्क्यांच्या जवळ. मोठ्या गाडीत १४५ चे १४० झाले तिथे साडेतीन टक्केही नाही. पन्नास टक्केवाल्या मोठ्या एसयूव्हीला मात्र पावणेसात टक्क्यांच्या आसपास फायदा झाला.

मारुतीने तेव्हा जाहीर केलेल्या सुरुवातीच्या किमती डोळ्यांसमोर ठेवल्या तर जिना दिसतो. अल्टो के टेन ३ लाख ६९ हजार ९००. वॅगन आर ४ लाख ९८ हजार ९००. स्विफ्ट ५ लाख ७८ हजार ९००. बलेनो ५ लाख ९८ हजार ९००. फ्रॉन्क्स ६ लाख ८४ हजार ९००. ब्रेझा ८ लाख २५ हजार ९००. मध्ये टाटाची नेक्सॉन सव्वासात लाखांच्या पुढे. किमती नंतर थोड्या हलल्या, हलत राहतील, पण पायऱ्यांची उंची साधारण हीच. एकेक पायरी लहान वाटते. स्विफ्टवरून बलेनोला जायला फक्त २० हजार. असं करत करत अल्टो बघायला गेलेला माणूस फ्रॉन्क्स बुक करून घरी येतो, आणि किंमत जवळपास दुप्पट झालेली असते.

दहा लाखांची रेघ

आता बेळगावचा भाग. कर्नाटकात खासगी मोटारीला आजीवन कर किमतीच्या पायरीनुसार आहे. पाच लाखांपर्यंत १३ टक्के, पाच ते दहा लाखांना १४, दहा ते वीस लाखांना १७ आणि त्यावर १८ टक्के. शिवाय या करावर पुन्हा ११ टक्के उपकर. म्हणजे १४ टक्के म्हणताना खिशातून जातात साडेपंधरा, आणि १७ म्हणताना १८.८७.

महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२, त्यावर १३. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त. सीएनजीला कमी, पण १ जुलै २०२५ पासून तिथेही एक टक्का वाढला आणि दहा लाखांच्या आतल्या गाडीला ८ टक्के झाला.

आता दोन गाड्या समोर ठेवा. एक ९ लाख ९० हजारांची, दुसरी साडेदहा लाखांची. दोन्ही पेट्रोल. किमतीत फरक ६० हजारांचा. कोल्हापुरात पहिलीला कर १ लाख ८ हजार ९००, दुसरीला १ लाख २६ हजार. करातला फरक १७ हजार. बेळगावात पहिलीला १ लाख ५३ हजार ८००, दुसरीला १ लाख ९८ हजार १००. करातला फरक ४४ हजारांवर. म्हणजे बेळगावकराला ६० हजारांची वरची पायरी पडते १ लाख ४ हजारांना. सनरूफ आणि मोठा स्क्रीन याच पायरीवर ठेवलेले असतात, हा योगायोग नसावा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या ग्राहकाने गाडी बघताना पहिला प्रश्न मायलेजचा नको, 'एक्स शोरूम दहाच्या आत आहे का' हा हवा. जीएसटी कपातीचा खरा दुहेरी फायदा इथेच मिळाला. जी छोट्या मापाची पेट्रोल गाडी आधी १० लाख ८० हजारांची होती, ती साधारण ९ लाख ८८ हजारांवर आली. किमतीत ९२ हजार वाचले, आणि पायरी बदलल्यामुळे कर्नाटकातल्या करात आणखी ५० हजार. हे दुसरे ५० हजार जाहिरातीत कुठे छापले नव्हते.

ब्रेझाचं उदाहरण याच रेघेवर मोलाचं आहे. लांबी चार मीटरच्या आत, नेक्सॉनएवढीच. पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं. त्यामुळे जीएसटी १८ नाही, ४०. समजा यातलं एखादं मॉडेल साडेदहा लाखांना आहे. त्यात तीन लाख रुपये निव्वळ जीएसटी. वर बेळगावचा वाहन कर १ लाख ९८ हजार. म्हणजे साडेसात लाखांच्या गाडीवर पाच लाखांचा कर. शेजारी ९ लाख ९० हजारांची, १८ टक्केवाली गाडी ठेवा. तिच्यात जीएसटी दीड लाख, वाहन कर १ लाख ५४ हजार, कर वगळता गाडीचं मोल ८ लाख ३९ हजार. जास्त मोलाची गाडी लाखभराने स्वस्त पडते. ब्रेझा वाईट आहे असं नाही, चार सिलिंडरचं मोठं इंजिन घाटात सुखाचं असतं. फक्त त्या सुखाची पावती फार मोठी आहे.

पाटी एमएचची, गाडी बेळगावची

हे आकडे बघितले की सीमाभागात पुढचा विचार आपोआप येतो. चंदगडला गाव आहे, सातबारा आहे, आधार कार्डही तिकडचं आहे. मग एमएच झिरो नाइनची पाटी का नको? काहींचे पाहुणे गोव्यात असतात, त्यांना जीएची पाटी दिसते.

हिशेब काय सांगतो? अल्टोसारख्या पावणेचार लाखांच्या गाडीत दोन राज्यांच्या करातला फरक साडेबारा-तेरा हजारांचा. सहा लाखांच्या गाडीत २७ हजार. ९ लाख ९० हजारांच्या गाडीत ४५ हजार. साडेदहाला तोच ७२ हजार होतो आणि पंधरा लाखांच्या गाडीत एक लाखाच्या वर. म्हणजे पाटीचा मोह गाडीबरोबर वाढतो. छोटी गाडी घेणारा गुपचूप केए ट्वेंटी टू लावून मोकळा होतो. मोठी घेणारा मात्र मामाच्या गावचा पत्ता शोधू लागतो.

कायदा याबाबतीत पत्त्यापेक्षा गाडीकडे बघतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४० प्रमाणे मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी जिथे नेहमी ठेवली जाते, तिथे नोंदणी व्हायला हवी. कलम ४७ म्हणतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर बँकेची संमती, नव्या राज्यात कर, आणि जुन्या राज्यातून उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागण्याची दगदग. परताव्यासाठी किती फेऱ्या होतात ते ज्याने केलं त्यालाच विचारावं.

जो खरोखर चंदगडला राहतो आणि बेळगावच्या बाजारात रोज येतो, त्याची एमएच पाटी योग्यच आहे. त्याने घाबरायचं कारण नाही. पण ज्याची गाडी रोज रात्री टिळकवाडीत किंवा अनगोळात उभी राहते, त्याने वाचवलेले ४५ हजार हे वाचवलेले नसतात, लांबणीवर टाकलेले असतात. तपासणीत सापडलं की कर दंडासह भरावा लागतो, नाही सापडलं तर विकताना तोच फरक खरेदीदार किमतीतून कापून घेतो.

पाटीला इथे आणखी एक अर्थ आहे, तो परराज्यातल्या वाचकाला चटकन कळणार नाही. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाळेकुंद्रीजवळ बस कंडक्टरच्या मारहाणीवरून वाद पेटला, दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या बंद पडल्या. अशा दिवशी रस्त्यावरच्या माणसाला तुमची मातृभाषा दिसत नाही, फक्त पाटीवरची दोन अक्षरं दिसतात. बेळगावातला मराठी माणूस केए घेऊन पुण्याला जाताना आणि एमएच घेऊन धारवाडला जाताना सारखाच आरशात बघत असतो.

पण त्याच दिवसांनी स्वतःच्या गाडीची गरजही पटवून दिली. कोल्हापूरला दवाखान्यात नंबर लावलेला, पुण्याहून पोरगी येणार, आणि बस सीमेपर्यंतच. त्या काळात ज्याच्या दारात गाडी होती, मग ती जुनी अल्टो का असेना, त्याचं काम अडलं नाही. सीमाभागात गाडीकडे चैन म्हणून बघणं सोडून दिलेलं आहे ते यामुळे. तरीही गरज गाडीची आहे, मोठ्या गाडीचीच आहे असं नाही.

गल्ली आणि घाट

छोटी-मोठीचा वाद इथे खऱ्या अर्थाने दोन रस्त्यांचा आहे. एक रस्ता गणपत गल्ली, खडेबाजार, शहापूरचा. दुसरा चोर्ल्याचा, अनमोडचा, आंबोलीचा.

गल्लीत लांबीपेक्षा रुंदी महत्त्वाची, आणि शोरूमवाले रुंदी सांगत नाहीत. अल्टो के टेन १४९० मिलिमीटर रुंद, वॅगन आर १६२०, स्विफ्ट १७३५, बलेनो १७४५, नेक्सॉन १८०४. अल्टो आणि नेक्सॉनमध्ये एक फुटाहून जास्त फरक. समोरून रिक्षा आली की हा फूट कळतो. जुन्या शहापुरात किंवा वडगावात ज्याच्या दारासमोर गाडी लावायची आहे त्याने टेप घेऊन गल्ली मोजावी, ब्रोशर नंतर बघावं. स्विफ्ट आणि बलेनोत मात्र रुंदीचा फरक एक सेंटिमीटरचा, लांबीचा १३ सेंटिमीटरचा. 'बलेनो मोठी आहे, गल्लीत नको' या म्हणण्यात फारसं तथ्य नाही.

घाटात उलट. चोर्ल्याने गोव्याला जाताना चार माणसं, मागे पिशव्या, पावसाळ्यात काच धुरकट होते म्हणून एसी चालू. ९९८ सीसीचं साधं इंजिन अशा वेळी दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढतं. चढतं हे खरं, कारण कित्येक वर्षं लोक मारुती आठशेनेच गोव्याला गेले. पण समोरचा ट्रक ओलांडायची ताकद नसते, आणि धोका तिथे असतो. बाराशे सीसीत हा प्रश्न बराच सुटतो. त्यातही नवी स्विफ्ट तीन सिलिंडरची आहे, बलेनो चारची. स्विफ्ट कंपनीच्या चाचणीत लिटरला २४.८ किलोमीटर देते, बलेनो २२.३५. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालली आणि पेट्रोल शंभर रुपये धरलं, तर वर्षाचा फरक साडेचार हजारांच्या आत. महिन्याला पावणेचारशे रुपये. त्या बदल्यात डिकी २६५ लिटरवरून ३१८ होते आणि मागच्या सीटवर गुडघ्याला थोडी जागा मिळते. घरात आजी-आजोबा असतील आणि महिन्यातून एकदा घाट असेल तर हे पैसे दिलेले बरे. दोघंच नवरा-बायको, रोज उद्यमबागला कामावर जाणं-येणं, गाव वीस किलोमीटरवर, अशा घराने हे पैसे का द्यावेत?

सीएनजीचा एक वेगळा पेच आहे. बेळगावात पंप आले, खर्च निम्म्यावर येतो म्हणून छोट्या गाडीत लोक सीएनजी घेतात. पण छोट्या गाडीची डिकी आधीच छोटी, त्यात टाकी बसली की सामान मांडीवर. टाटाने दोन छोट्या टाक्या खाली बसवून अल्ट्रोजमध्ये २१० लिटर जागा ठेवली, असे काही अपवाद. मोठी गाडी सीएनजीत घेण्याला अर्थ आहे, छोटी सीएनजीत घेऊन गोव्याच्या लग्नाला जाण्याला नाही.

मोठी म्हणजे मजबूत?

मोठी गाडी घेण्याचं सर्वात जास्त ऐकू येणारं कारण म्हणजे 'हायवेला सेफ असते'. निपाणी ते कागल, पुढे साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणाची वळणं बघितली की ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण आकार आणि मजबुती एकच धरणं चूक आहे.

२०२१ मधली टाटा पंच ३८२७ मिलिमीटरची होती, म्हणजे स्विफ्टपेक्षाही लांबीला कमी. तिला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२१ मध्ये पाच तारे मिळाले. अल्ट्रोजलाही पाच. बलेनोला भारत एनकॅपने २०२५ मध्ये चार दिले. दुसरीकडे २०२३ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत वॅगन आरला एक आणि अल्टो के टेनला दोन तारे होते. या दोन्ही गाड्यांत सहा एअरबॅग सरसकट येण्याच्या आधीची ती चाचणी, हे लक्षात ठेवावं. एअरबॅग वाढल्याने माणूस वाचण्याची शक्यता वाढते, पण गाडीचा सांगाडा तोच असेल तर तो बदलत नाही. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालं, चाचणी झालेल्या गाडीचे तारे पाच मिनिटांत मोबाइलवर बघता येतात. पाऊण तास सीटकव्हरवर घासाघीस करणारे लोक ही पाच मिनिटं देत नाहीत.

जो रोज शहरात ४० च्या वेगाने फिरतो त्याला छोटी गाडी घेऊन झोप उडवायचं कारण नाही. जो आठवड्याला एनएच ४८ वर हुबळी नाहीतर कोल्हापूर करतो, त्याने तारे बघून वरची पायरी चढावी. इथे जास्त गेलेले पैसे फुकट नाहीत.

हप्ता आणि उसाचं बिल

जिल्ह्यातली मोठी खरेदी ऊसबिलावर चालते हे गाडीवाल्यांना बँकेपेक्षा चांगलं माहीत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी साडेतीन हजारांसाठी बसले होते, सरकारने मध्ये पडून टनाला ३३०० वर मिटवलं. हा दर पदरात पडेपर्यंत गाडीचा हप्ता काही थांबत नाही.

'अजून एक लाख फक्त' या वाक्याचा हप्त्यात अर्थ असा. नऊ टक्क्यांनी सात वर्षांना एक लाखाचा हप्ता साधारण १६०९ रुपये. सात वर्षांत परत गेले १ लाख ३५ हजार. पाच वर्षांना हप्ता २०७६, एकूण १ लाख २४ हजार ५००. ३३०० च्या दराने सात वर्षांचं हे एक लाखाचं 'थोडंसं' म्हणजे ४१ टन ऊस, तोडणी-मशागत काहीच न धरता. त्यात वाहन करासाठीही कर्ज काढलं, जे आता 'ऑन रोड फंडिंग' म्हणून सर्रास होतं, तर सरकारला दिलेल्या पैशावर बँकेला व्याज भरत बसायचं. गाडी विकताना तो कर किमतीत कोणी धरून देत नाही.

विम्यातही एक पायरी लपलेली आहे. थर्ड पार्टी विम्याचे २०२२ चे दर पाहिले तर नव्या गाडीला तीन वर्षांचे १००० सीसीपर्यंत ६५२१ रुपये, त्यापुढे १५०० सीसीपर्यंत १०,६४० आणि त्यावर २४,५९६. गंमत अशी की ९९८ सीसीचं टर्बो इंजिन असलेली महागडी फ्रॉन्क्स किंवा व्हेन्यू इथे अल्टोच्या रांगेत बसते, आणि साधी स्विफ्ट वरच्या. रक्कम मोठी नाही, पण सरकारी व्याख्यांना गाडीची किंमत दिसत नाही हे यातून दिसतं.

छोट्या गाड्यांचं पुढे काय होणार, यावर दिल्लीत वाद सुरू झाला तोही इथल्या गिऱ्हाइकाच्या कामाचा आहे. एप्रिल २०२७ पासूनच्या इंधन कार्यक्षमता नियमांच्या सप्टेंबर २०२५ मधल्या मसुद्यात ९०९ किलोंच्या आतल्या, चार मीटर आणि १२०० सीसीच्या मर्यादेतल्या पेट्रोल गाड्यांना खास सूट सुचवली होती. मारुतीला ती हवी होती, टाटा, महिंद्रा, ह्युंदाईंनी आक्षेप घेतला. कारण ९०९ किलोंच्या आतल्या बहुतेक गाड्या एकाच कंपनीच्या आहेत. देशात विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांत एकीहून जास्त आता एसयूव्ही प्रकारातली असते. अल्टो, सेलेरियोसारख्या गाड्या टिकायच्या तर त्या बनवणाऱ्याला परवडल्या पाहिजेत. ज्याला खरंच छोटीच गाडी हवी आहे, त्याच्यापुढे पर्याय कमी होत चाललेत.

इतर शहरांतल्या वाचकांसाठी

हैदराबादच्या मराठी वाचकांनी बेळगावचंच गणित धरावं. तेलंगणातही दहा लाख ओलांडले की कराचा दर चढतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे दर कमी असले तरी किमतीच्या पायऱ्या आहेतच. बडोदेकर सुखी, गुजरातेत साधारण सहा टक्क्यांत काम होतं, त्यामुळे तिथे छोटी-मोठीचा निर्णय गाडी बघूनच घेता येतो. फक्त ती गाडी पुढे मुलाबरोबर पुण्याला कायमची जाणार असेल तर बारा महिन्यांची अट त्यांनाही लागू आहे.

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं आहे. लष्करी आणि केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांतले लोक आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले नोकरदार यांना २०२१ पासून बीएच मालिकेचा नंबर घेता येतो. त्यात सगळा कर एकदम न भरता दर दोन वर्षांनी भरायचा. बदलीच्या नोकरीत असलेल्याला मोठी गाडी घ्यायची असेल तर हा रस्ता सरळ आहे. शेतकऱ्याला, दुकानदाराला, उद्यमबागच्या फाउंड्रीतल्या कामगाराला तो नाही.

राहिली जुनी गाडी. बेळगावच्या बाजारात एमएच आणि जीए पाटीच्या जुन्या गाड्या स्वस्त दिसतात, आणि सहा लाखांत नवी छोटी घेण्यापेक्षा त्याच पैशात चार वर्षं वापरलेली मोठी घ्यावी असं अनेकांना वाटतं. विचार चुकीचा नाही. पण व्यवहारापूर्वी चार गोष्टी हातात हव्यात : आधीच्या आरटीओची एनओसी, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद, चलनं थकलेली नसल्याची ऑनलाइन खात्री, आणि बेळगाव आरटीओत त्या वर्षाच्या गाडीला कर्नाटकाचा कर किती बसेल त्याचा लेखी आकडा. हा आकडा गाडीच्या किमतीत मिळवून मगच सौदा करावा. एजंट 'बघू नंतर' म्हणाला तर टोकन देऊ नये.